तारीख नसलेला राजीनामा

आमच्या तालुक्यात माझ्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बाईनं शब्द फिरवला. निवडणूक कुठलीही असो, विरोधकांच्या सभेतला तिसरा नाहीतर चौथा वक्ता ती सांगतोच. पहिले दोघे तब्येतीचं आणि विकासाचं बोलून घेतात. सध्या मी जिल्हा परिषदेची सदस्य आहे आणि विधानसभेचं तिकीट मागितलंय. परवा सांगलीत पक्षाच्या मुलाखती झाल्या, तिथंही मुलाखत घेणाऱ्या तिघांतल्या एका साहेबांनी चष्मा वर करत विचारलं की तुमच्यावर शब्द फिरवल्याचा आरोप आहे, त्याचं काय. मी म्हटलं, आरोप कसला, खरंच आहे ते. तिघं एकमेकांकडं बघायला लागले. बहुतेक उमेदवार अशा वेळी विरोधकांचं कारस्थान वगैरे सांगतात म्हणे. तिकीट मिळेल न मिळेल, पण गोष्ट लोक अर्ध्यावर सोडतात याचा मला राग आहे, म्हणून ती पुरी करायला बसले आहे.

माझं माहेर मलकापूरचं, कऱ्हाडला लागून. वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी पंपावर जायची आणि तिथंच अभ्यासाला बसायची. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. लग्न झालं ते कवठे महांकाळ तालुक्यात. पहिल्याच उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळताना माझी चप्पल तुटली, आणि सासूबाई म्हणाल्या की पुढच्या खेपेला अनवाणीच ये. त्या चेष्टेनं म्हणत नव्हत्या.

नवरा फौजेत. गावाकडच्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात, तसं मीही म्हणते. सुभेदार होऊन ते परत आले. माणूस बोलायला कमी, पण दिलेल्या वेळेचा आणि शब्दाचा पक्का. बारशाला पाचचं बोलावणं असलं तर पावणेपाचला जाऊन दारात उभे, आणि तिथं बाळाची अजून आंघोळ चाललेली. त्यांच्या या स्वभावामुळं दोन्ही गटांतले लोक त्यांना मानायचे, आणि त्यामुळंच पुढचं सगळं घडलं.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा सरपंचपद महिलेसाठी राखीव पडलं. सरपंच तेव्हा निवडून आलेल्या सदस्यांतून व्हायचा. नऊ जागांपैकी चार आमच्या गटाला, चार समोरच्या गटाला, आणि नववी खालच्या वस्तीतल्या एका बाईंना. त्यांना दोन्हीकडून बोलावणी सुरू झाली. गावात डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा मोठी माणसं ग्रामदैवताच्या देवळात बसली आणि तोड काढली: पहिली अडीच वर्षं आमच्या गटाची बाई सरपंच, म्हणजे मी, आणि नंतरची अडीच वर्षं समोरच्या पुढाऱ्यांची सून. आम्ही दोघी तेव्हा आपापल्या चुलीपुढं होतो.

आमच्याकडं असं ठरलं की नुसत्या बोलण्यावर भागत नाही. देवापुढच्या ताटातली हळद मुठीत घेऊन शब्द द्यायचा. त्याला भंडारा उचलणं म्हणतात. भंडारा उचललेला माणूस फिरला, तर त्याच्या घरात वर्षभर काहीही वाईट झालं तरी गाव त्याच हळदीकडं बोट दाखवतं. मालकांनी माझ्या वतीनं भंडारा उचलला. शिवाय दुसरी एक रीत आहे, ती देवाची नाही, राजकारणाची. ज्याची पाळी आधी, त्याचा राजीनामा त्याच दिवशी सही करून घ्यायचा आणि तारखेची जागा मोकळी ठेवायची. मग तो कागद दोन्ही बाजूंना मान्य अशा माणसाकडं राहतो आणि मुदत भरली की तारीख घालून पुढं जातो.

भंडारा उचलायच्या आधी मालक घरी आले आणि वहीचा कागद घेऊन बसले. फौजेतून पत्रं लिहायचे तसल्याच गोल अक्षरात त्यांनी राजीनामा लिहिला, मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "अडीच वर्षांनी उठायचं. बघ, जमंल का. न्हाई म्हणायचं तर आत्ताच म्हण."

मी हसले. मला वाटत होतं, अडीच महिन्यांतच मी कंटाळून घरी येईन. "तितं अडीच वर्षं कोण बसतंय, आवं?" असं म्हणून पिठाचे हात पदराला पुसले आणि सही केली. कागद गेला एका निवृत्त गुरुजींच्या ट्रंकेत. हे मी मुद्दाम नीट लिहिते आहे. मला विचारलं होतं आणि मी सही केली होती.

पहिले काही महिने मी नावालाच सरपंच होते. ग्रामसेवक कागद घेऊन घरी यायचे, मालकांपुढं ठेवायचे, मालक वाचायचे आणि मी सही करायची. गावातली पोरंटोरंही मालकांनाच सरपंच म्हणायला लागली. एक दिवस मालकच वैतागले. म्हणाले, आयुष्यात मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसलो नाही, आता बायकोच्या बसू काय. दुसऱ्या दिवसापासून कागद घरी घ्यायचे त्यांनी बंद केले आणि मला ऑफिसात जावं लागलं. नवऱ्याला बाजूला सारून बाई पुढं आली असं माझ्या सत्काराच्या भाषणांत कोणी म्हणालं, की मला त्यामुळं ओशाळल्यासारखं होतं. मला त्यांनीच ढकललं.

वस्तीतल्या सदस्य बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभी हयात घालवलेल्या, दोन्ही मुलं पुण्यात कामाला. वस्ती ओढ्याच्या पलीकडं, बौद्ध समाजाची पस्तीस-चाळीस घरं. मीटिंगमध्ये त्या दर वेळी एकच विषय काढायच्या, की आमच्या नळाला पाणी नाही. ग्रामसेवक दर वेळी लिहून घ्यायचे, चर्चा झाली. चौथ्या मीटिंगनंतर त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाई, येक दिस सकाळी येऊन आमच्या नळाफुडं बसा. मग लिवा, चर्चा झाली म्हणून."

मी गेले. सहा वाजता घागर लावून बसले. गावात पाणी सुटल्याचा आवाज ओढ्यापलीकडून ऐकू येत होता. वस्तीचा नळ फुसफुसला, खोकला आणि गप्प झाला. नऊ वाजेपर्यंत तांब्याभर पाणी आलं, तेही गढूळ. आजूबाजूला बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. पंपावर वाढलेल्या मला कारण कळायला वेळ लागला नाही. वस्तीची लाईन गावातल्या लाईनचं शेपूट होती, आणि गावात घरोघर नळाला मोटर लावून पाणी ओढत होते. त्यातली एक मोटर माझ्या स्वतःच्या घरात होती. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की मी चहासुद्धा न घेता उठले.

आधी आमची मोटर काढली, मग चुलत दिराची काढायला लावली. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण आठ दिवसांत सगळ्या मोटरी परत लागल्या, कारण सरपंच रोज पहाटे घरोघर फिरू शकत नाही. उपाय एकच होता. टाकीपासून वस्तीला वेगळी लाईन टाकायची, तिचा व्हॉल्व्ह वेगळा आणि सोडायची वेळही वेगळी. मग मी सांगलीच्या एस.टी.त बसले ते दोन वर्षं बसतच राहिले. प्रस्ताव, पाहणी, मंजुरी, परत पाहणी. एकदा इंजिनिअर साहेबांना मी विचारलं की ओढ्याच्या पोटात लाईन उतरताना हवा काढायला व्हॉल्व्ह कुठं धरलाय. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि त्यानंतर त्यांच्याकडं माझ्यासाठी खुर्ची येऊ लागली.

चर खणला गेला, पाईप आले, ओढ्यापर्यंत लाईन पोचली. ओढा ओलांडायचं काम राहिलं, आणि माझी अडीच वर्षं भरली.

मी समोरच्या पुढाऱ्यांच्या घरी गेले. वयस्कर माणूस, बोलायला गोड. त्यांना म्हटलं, सहा महिने द्या, लाईन पुरी करते आणि उठते. ते म्हणाले की लाईन काय, आमची सून करेलच. पण गावाबाहेर रस्त्याला नवीन प्लॉट पडलेत, तिथं आधी पाणी न्यायला पाहिजे, वस्तीचं नंतर बघू. ते प्लॉट त्यांच्या भावकीचे होते. मी परत येताना पाहिलं, तर ओढ्याच्या काठावरचे पाईप ट्रॅक्टरमध्ये भरून रस्त्याकडं चालले होते. मी ट्रॅक्टरपुढं उभी राहिले आणि पाईप उतरवून घेतले. ड्रायव्हर बिचारा घाबरून गेला.

घरी मालकांना सांगितलं की मी राजीनामा देणार नाही. ते म्हणाले की भंडारा मी उचललाय. तू ऊठ, ओढ्यावर मी रोज उभा राहतो आणि काम करून घेतो. मी विचारलं, कुठल्या अधिकारानं उभे राहणार? प्लॉटवाले पाईप न्यायला आले तर सुभेदार म्हणून सॅल्यूट ठोकतील काय? हे मी बोलायला नको होतं. ते उठून बाहेर गेले. पुढचे आठ दिवस आम्ही एका घरात राहून पोरीच्या मार्फत बोलत होतो.

गुरुजींनी ट्रंकेतला कागद काढला आणि तारीख घालून पुढं पाठवला. नियम असा, की सरपंचाचा राजीनामा आला की ग्रामपंचायतीच्या सभेत त्याची पडताळणी होते. विस्तार अधिकारी आले. नऊ सदस्य बसले, बाहेर पटांगणात निम्मं गाव. मालक खिडकीशी उभे होते. आत यायचा त्यांना अधिकार नव्हता आणि घरी बसवत नव्हतं. साहेबांनी राजीनामा वाचला. वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय. मग कागद माझ्यापुढं धरून विचारलं, ही सही तुमचीच का?

 हो म्हटलं की वस्ती गेली. नाही म्हटलं की सरळ खोटं. मी उभी राहिले.

"सही माझी हाय. तारीख माझी न्हाई. आन् राजीनामा आज मी देत न्हाई. वस्तीच्या नळाला पानी येईल, त्या दिशी माझ्या हातानं लिवून दीन."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. सदस्य म्हणून आत बसलेले समोरचे पुढारी शांतपणे एवढंच म्हणाले की आजपासून या घराचा शब्द कोणी घेऊ नये. मी खिडकीकडं पाहिलं, तिथं कोणी नव्हतं.

मला हटवायचे प्रयत्न झालेच. अविश्वास ठरावाला, सरपंच बाई असल्यामुळं, नऊपैकी सात हात लागत होते. आमच्याच गटातले दोघं शब्दाला जागायचं म्हणून पलीकडं गेले, तरी सहाच भरले. त्या दोघांवर माझा राग नाही. ते माझ्यापेक्षा सरळ वागले. मला मात्र गावात हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. सासूबाईंचा पाय मोडला, तर बायका म्हणाल्या की भंडारा भोवला. आणि मालकांनी देवळात जाणं सोडलं. रोज सकाळी आंघोळ करून जाणारा माणूस आता अंगणातूनच हात जोडायचा. मला सगळ्यात जास्त ते लागलं. पण मी मागं हटले नाही. रोज ओढ्यावर जात होते. काँक्रीट ओतलं त्या दिवशी तर जेवणसुद्धा तिथंच केलं.

पाच महिन्यांनी वस्तीत पाणी आलं. आटे मोजत व्हॉल्व्ह मी स्वतः सोडला आणि ओढा ओलांडून वस्तीत पळत गेले. नळाला आधी हवा आली, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ. वस्तीतल्या सदस्य बाईंनी पहिली घागर भरली, कमरेवर घेतली आणि तडक घरात गेल्या. त्या डोळे पुसायला आत गेल्या होत्या हे मला नंतर कळलं. मी तिथून घरी आले आणि राजीनामा लिहिला. तारीख घातली. तो देण्याआधी समोरच्या पुढाऱ्यांच्या सुनेला दाखवायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. तिनं विचारलं, तो व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा ते मला दाखवाल का? मी दाखवला. तिनं पुढं दोन वर्षं ती लाईन बंद पडू दिली नाही, सासऱ्यांना काय सांगितलं देव जाणे.

मालकांना वाटेल की आता तरी फिटलं, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, काम चांगलं केलंस. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पर पाच म्हैनं उशीर झाला." त्यांच्या हिशेबात उशिरा पाळलेला शब्द पाळलेल्यांत धरत नाहीत. ते देवळात गेले नाहीत.

पुढं बरीच वर्षं जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. निवडणूक लागली तेव्हा मला उमेदवारी मिळाली. बाजाराच्या दिवशी समोरच्यांची कोपरासभा होती. मी दुसऱ्या गावात प्रचाराला होते. तिथं जे झालं ते मला वस्तीतल्या सदस्य बाईंनी फोन करून सांगितलं. वक्त्यानं ठरलेली गोष्ट काढली. नवऱ्यानं देवापुढं दिलेला शब्द या बाईनं मोडला, ती तुमचा काय पाळणार? भाजीच्या पिशव्या घेऊन लोक उभे होते. मागच्या बाजूला मालक होते, त्यांच्याकडं मेथीची जुडी. ते पुढं आले आणि म्हणाले, "शब्द मी दिला हुता. तिला इचारलं न्हवतं. मोडला म्हणायचं तर मी मोडला म्हणा." आणि जुडी पिशवीत घालून निघून गेले. बाई म्हणाल्या की सभाच मोडली, आता तुमची शीट आली म्हणून समजा.

माझ्या आजूबाजूचे कार्यकर्ते एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. मला मात्र त्यात टाळी देता येईना. मालकांनी मला विचारलं होतं. कागद वाचून दाखवून, नाही म्हणायचं तर आत्ताच म्हण, असं विचारलं होतं. देवापुढचा शब्द मोडला म्हणून देवळाची पायरी न चढणारा हा माणूस भर बाजारात माझ्यासाठी खोटं बोलला होता.

घरी गेले तर ते मेथी निवडत बसले होते. मी विचारलं, असं का बोललात. ते म्हणाले, निवडणूक आहे. एवढंच. आणि मेथीला माती लय हाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच गावात माझी सभा होती. भाषण लिहून दिलेलं होतं, रस्ते, शाळा, पाणी. कार्यकर्त्यांनी सांगितलं होतं की कालचा प्रसंग रंगवून सांगा, बायकांची मतं एकगठ्ठा मिळतील. मालक पहिल्या रांगेत बसले होते, कार्यकर्त्यांनी आग्रहानं बसवलं होतं. मी कागद बाजूला ठेवला आणि माईक जवळ घेतला.

"मालकांनी काल बाजारात सांगितलं ते खरं न्हाई," मी म्हटलं. "त्यांनी मला इचारलं हुतं. मी हसत सही केली हुती. शब्द मीच मोडला. वस्तीला पानी पायजे हुतं म्हणून मोडला, आन् परत तसली येळ आली तर परत मोडीन. हे ऐकून ज्याला मत द्यायचंय त्यानं द्या."

टाळ्या वस्तीकडच्या बाजूनं आल्या, बाकी मांडवात चुळबुळ. माझ्या शेजारचे तालुकाध्यक्ष कपाळाला हात लावून बसले. मी खाली उतरले. मालक गाडीजवळ उभे होते. म्हणाले, "पडशील आता."

"पडंन," मी म्हटलं. "येकदा तुमचा शब्द मोडलाय मी. तुमचं खरं बोलणं बी माझ्यापायी मोडू द्यायचं न्हाई मला."

त्यांनी गाडी चालू केली आणि मी मागं बसेपर्यंत थांबले. मतमोजणीला गावातून मी मागं होते, वस्तीनं आणि पलीकडच्या तीन गावांनी मला थोडक्या मतांनी निवडून आणलं.